पावसाचा आकडा कुणाचा?

चौसष्ट मिलिमीटर आणि सहासष्ट मिलिमीटर यांत फरक तो किती? मोजपट्टीवर पाहिले तर दोन बारीक रेघांचा. पण हाच प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एखाद्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर तेथे अतिवृष्टी झाली असे शासन धरते, आणि मग नुकसानीचे पंचनामे, मदतीची यादी या गोष्टी पुढे सरकतात. आकडा रेघेच्या अलीकडे राहिला तर शेतकऱ्याला आधी आपले नुकसान झाले हे पटवून देण्यापासून सुरुवात करावी लागते. पाऊस कमी पडला तरी गोष्ट तीच. २०२३च्या खरिपात पावसाने मोठी दडी मारली तेव्हा कोणत्या मंडळात एकवीस दिवसांहून अधिक खंड पडला, यावर पीक विम्याची आगाऊ रक्कम कुणाला द्यायची हे ठरत होते. त्या वेळी गावोगावच्या पारावर पावसाच्या आकड्यांचीच चर्चा होती.

विद्यार्थी मित्रहो, हा आकडा येतो कुठून, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘महावेध’ नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. राज्यात मिळून ती दोन हजारांवर आहेत. जागा शासनाची, केंद्रे उभारण्याचे आणि चालवण्याचे काम स्कायमेट या खाजगी कंपनीचे. अशा केंद्रातल्या पर्जन्यमापकात सहसा एका आसावर दोन चिमुकल्या वाट्या बसवलेल्या असतात. एक वाटी ठरावीक पाण्याने भरली की ती कलंडते आणि रिकामी वाटी तिच्या जागी येते. प्रत्येक कलंडण्याबरोबर विजेचा एक ठोका नोंदला जातो. ठोके मोजले की पाऊस कळला. यंत्र साधे आहे, आणि म्हणूनच त्यात झाडाचे पान अडकले किंवा कोळ्याने जाळे विणले की आकडाही चुकतो!

शिवाय एका मंडळात अनेक गावे येतात. उन्हाळी वळवाचा किंवा परतीचा पाऊस देणारा ढग काही किलोमीटरांचाच असतो. बालाघाटाच्या डोंगराच्या या अंगाला धो धो पाऊस आणि त्या अंगाला धूळ, हे धारूर-केजकडच्या मुलांना मी सांगायला नको. तेव्हा मंडळातल्या एका केंद्राचा आकडा आपल्या गावाला कितपत लागू पडतो, हे तपासून पाहण्याची इच्छा होणे अगदी स्वाभाविक आहे. तपासायचे तर आकडे हवेत. एका दिवसाचे पुरणार नाहीत. काही वर्षांचे, ओळीने मांडलेले, शेजारच्या मंडळांचेही हवेत. आणि ते घेऊन त्यांवर काम करण्याची, निष्कर्ष छापण्याची मोकळीक हवी. या लेखात मला बोलायचे आहे ते या मोकळिकीविषयी.

आता एक मोठे उदाहरण घेऊ. ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘पोकरा’, हा जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ ते २०२४ या काळात पहिल्या टप्प्यात चालला. पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे त्यात होती. मराठवाड्यातले सर्व आठ जिल्हे, अर्थात बीडही. या प्रकल्पासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. घरखर्चाच्या वहीत जमा आणि खर्च लिहितात, तसाच हा पाण्याचा जमाखर्च.

जमेची बाजू आधी पाहा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. गावाचे शिवार १,००० हेक्टरांचे धरले आणि वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरला, तर जमा झाली ६५० कोटी लिटर. ऐकून वाटते, एवढे पाणी असताना टँकर कशाला? पण खर्चाची बाजू पाहिली म्हणजे उमगते. पडलेल्या पाण्यापैकी काही ओढ्याने वाहून जाते. काही मातीत मुरते आणि पिकाच्या मुळांवाटे पुन्हा हवेत जाते. माती तृप्त झाल्यावर जे उरते ते खाली झिरपते आणि विहिरींना मिळते. हे वाटप दररोज वेगळे असते. सिंदफणेच्या काठची खोल काळी जमीन बरेच पाणी धरून ठेवते. डोंगरकडेची मुरमाड बरड जमीन धरत नाही. म्हणून एकाच गावात, एकाच पावसात, एकाचा कापूस तग धरतो आणि दुसऱ्याचा माना टाकतो. आय.आय.टी.च्या पद्धतीत शिवारातल्या ठिकठिकाणच्या बिंदूंसाठी हा हिशेब रोजच्या रोज करतात आणि पिकाला किती पाणी कमी पडले ते काढतात.

या हिशेबाला लागणारी सामग्री एका घरची नाही. पावसाचे आकडे महावेधच्या केंद्रांचे. मातीचे आणि जमीन-वापराचे नकाशे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे. जमिनीचा उंचसखलपणा उपग्रहांच्या मोजणीतून. कोणते पीक किती क्षेत्रात, हे कृषी खात्याकडून आणि गावकऱ्यांकडून. आणि सर्व एकत्र मांडणारी संगणक-प्रणाली ‘क्यूजीआयएस’ नावाच्या नकाशांच्या प्रणालीवर बेतलेली. ही क्यूजीआयएस २००२ साली गॅरी शर्मन या अमेरिकन गृहस्थाने सुरू केली. तिचा परवाना असा आहे की कुणीही ती फुकट वापरावी, उघडून पाहावी, बदलावी. मात्र बदललेली प्रणाली दुसऱ्याला देताना तिची मूळ आज्ञावलीही त्याला द्यावी. तुमच्या शाळेतल्या संगणकावरही ती घालता येते. परवान्याची ही एक ओळ नसती, तर प्रत्येक संगणकामागे महागड्या परकी प्रणालीची किंमत मोजत बसावे लागले असते.

म्हणजे चार-पाच संस्थांनी मिळून एक गोष्ट केली. आता प्रश्न असा, की ती गोष्ट कुणाची?

खेड्यातल्या मुलांना सामाईक विहीर चांगली ठाऊक असते. आजोबांनी खणलेली विहीर तीन भावांत वाटली गेली की सातबाराच्या उताऱ्यावर प्रत्येकाचा हिस्सा लिहितात आणि मोटार लावण्याच्या पाळ्या ठरतात. ज्या घरांनी हे वेळीच कागदावर घेतले तेथे उन्हाळा कसाबसा निभतो. ज्यांनी ‘भाऊच तर आहेत, लिहायचे काय!’ असे म्हटले, त्यांची नातवंडे अजून कोर्टाच्या तारखा करीत आहेत. संस्थांच्या भागीदारीचेही तसेच आहे. करारात पैशाचे, मुदतीचे, मनुष्यबळाचे कलम असते. पण मिळून जे ज्ञान तयार होईल ते तिसऱ्या माणसाने वापरावे की नाही, कोणत्या अटींवर वापरावे, हे कलम पुष्कळदा सुचतच नाही. ज्ञान काही विहिरीसारखे उपसल्याने आटत नाही, हा फरक आहे खरा. पण त्यामुळे तर ते अडवून ठेवणे अधिकच विचित्र दिसते.

कायदा काय म्हणतो? आपला प्रताधिकार कायदा १९५७चा. लेख, नकाशा, छायाचित्र, संगणकाची आज्ञावली यांना तो आपोआप लागू होतो. त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. माहितीची संकलनेही कायद्याने साहित्यकृतींत धरली आहेत. सुटा आकडा, म्हणजे ‘परवा परळीला ४० मिलिमीटर पाऊस झाला’ ही वस्तुस्थिती, कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही. आणि डिसेंबर २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले, की संकलनासाठी नुसती मेहनत आणि पैसा खर्च केला एवढ्याने प्रताधिकार मिळत नाही. त्यात करणाऱ्याची स्वतःची थोडीतरी बुद्धी दिसली पाहिजे. मग पावसाच्या तक्त्यावर हक्क आहे की नाही? वकील यावर दोन्ही बाजूंनी तासभर बोलतील. पण एखादी शिक्षिका आपल्या मुलांसाठी पुस्तिका छापायला निघाली असेल तर ती वकील गाठणार नाही. ‘नको ती भानगड’ म्हणून ती पुस्तिकाच बाजूला ठेवील. संशयाने होणारे हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

मुक्त परवाना हा संशय दूर करण्याचा उपाय. हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहतो; तो फक्त आगाऊ आणि सर्वांना लिहून देतो की घ्या, वापरा, अटी एवढ्याच. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था २००१ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि डिसेंबर २००२मध्ये तिने असे तयार परवाने प्रसिद्ध केले. सर्वांत साध्या परवान्याची अट एकच, श्रेय द्या. दुसऱ्यात म्हटले आहे की तुम्ही त्यावर बेतून काही केले तर तेही याच परवान्याने द्या. तिसऱ्यात व्यापारी वापराला मनाई आहे, आणखी एकात बदल करायला मनाई. आपल्या केंद्र शासनानेही फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारी आकडेवारीसाठी स्वतःचा मुक्त परवाना जाहीर केला. श्रेय द्या आणि हवे तर व्यापारासाठीही वापरा, असे तो सांगतो. मात्र व्यक्तिगत माहिती त्यातून वगळलेली आहे.

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधतो, कारण तो शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो. ‘वेबसाइटवर सगळे दिसते की, मग मुक्तच आहे!’ दुकानाच्या काचेआड मांडलेली मिठाईही दिसते. पडद्यावर आजचा पाऊस दिसतो, पण मागच्या पाच वर्षांचे आकडे एकत्र उतरवून घेता येतात का? घेतले तर ते शाळेच्या हस्तलिखितात, वर्तमानपत्रात, ग्रामसभेच्या फलकावर छापता येतात का? चूक आढळली तर दुरुस्त प्रत वाटता येते का? या प्रश्नांची लेखी उत्तरे ‘हो’ अशी असतील तरच ती माहिती मुक्त. नाहीतर ती नुसती दर्शनाला ठेवलेली.

आणि भागीदारीत आणखी एक पेच असतो, जो एकट्याच्या कामात नसतो. गोपाळकाल्याचे उदाहरण घ्या. कुणाची भाकरी, कुणाचे दही, कुणाचे लोणचे. सगळे एका पातेल्यात कालवले. आता एका सवंगड्याने म्हटले, ‘माझे दही फक्त आमच्या वाड्यातल्यांनी खायचे.’ दही काल्यातून वेगळे काढता येत नाही, तेव्हा सगळा कालाच त्याच्या वाड्यापुरता झाला! नकाशांचे तसेच होते. मातीचा नकाशा मुक्त, उपग्रहाची चित्रे मुक्त, प्रणाली मुक्त, आणि एका संस्थेचे आकडे मात्र ‘लेखी परवानगीशिवाय वापरू नये’, तर एकत्र केलेला सुंदर नकाशा सर्वांत कडक अटीच्या दावणीला बांधला जातो. कधी तर दोन अटी एकमेकींशी भांडतात. एक म्हणते, यातून जे होईल ते याच परवान्याने द्या. दुसरी म्हणते, व्यापारी वापर चालणार नाही. दोन्ही पाळता येतील असा एकही मार्ग उरत नाही आणि काम कपाटात जाते. म्हणून परवान्याची बोलणी पहिल्या बैठकीत व्हायला हवीत. अहवाल छापखान्यात गेल्यावर त्यांचा उपयोग नाही.

उलट बाजूही ऐकली पाहिजे. कंपनी म्हणेल, ‘यंत्रांवर पैसा आम्ही घातला, दुरुस्त्या आम्ही करतो. आकडे फुकट वाटले तर आम्ही जगायचे कसे?’ हा आक्षेप खोटा नाही. बंद पडलेल्या केंद्राचा मुक्त परवाना घेऊन काय करायचे? पण मला वाटते, यातून वाट निघते. क्षणाक्षणाचे ताजे आकडे, त्यांवरून केलेला अंदाज, विमा कंपनीला दिलेला सल्ला, हा कंपनीचा व्यवसाय. तो तिने खुशाल करावा. दिवसाची बेरीज मात्र, जिच्यावर शेतकऱ्याची मदत ठरते, ती ठरावीक मुदतीत मुक्त व्हावी, आणि त्याचा खर्च शासनाने करारातच धरावा. ज्या आकड्यावरून न्याय होतो तो आकडा तपासता येऊ नये, हे कोणत्याही कंपनीच्या हिशेबापुढे मला मान्य होत नाही.

पैशाच्या बाबतीत अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा अनुभव मोठा बोलका आहे. पूर्वी त्यांचे एक चित्र सुमारे ६०० डॉलरला मिळे. विक्रीचे सर्वांत चांगले वर्ष २००१, आणि त्या वर्षी खपली सुमारे २५ हजार चित्रे. २००८ साली सगळा संग्रह मोफत खुला केला. काही वर्षांतच वर्षाला दहा लाखांहून अधिक चित्रे उतरवून घेतली जाऊ लागली. जंगलतोड, हिमनद्या, दुष्काळ यांवरचे किती संशोधन त्यातून झाले! युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांनी तर सुरुवातच मोफत चित्रांपासून केली. आपल्या शिवारातली पिके वरून कशी दिसतात हे आज आष्टी-पाटोद्याचा विद्यार्थीही पाहू शकतो. पण त्याच शिवारात पडलेल्या पावसाची जुनी नोंद मिळवायला त्याला अर्जच करावा लागत असेल, तर ही मोठी चमत्कारिक गोष्ट म्हणायची.

व्यापारी वापराच्या बंदीविषयीही थोडे. ‘आमचे ज्ञान मुलांसाठी मोफत, पण त्यातून कुणी पैसा करू नये’ ही भावना चांगल्या माणसांची असते. पण अंबाजोगाईचा छापखानेवाला पुस्तिका छापून पंधरा रुपयांना विकणार असेल, तर तो व्यापार झाला की नाही? तालुक्याच्या साप्ताहिकात जाहिराती असतात, म्हणून त्याने गावाचा जलनकाशा छापू नये? मोठ्या शहरातल्या कंपनीला अडवण्यासाठी घातलेल्या या अटीत बहुधा असे छोटे लोकच अडकतात. श्रेय द्या आणि तुम्हीही मोकळे ठेवा, ही अट मला पुरेशी वाटते.

सगळेच मात्र खुले करायचे नसते. कुणाच्या बोअरला किती पाणी लागले, कुणाच्या शेतात काय उत्पन्न आले, ही माहिती नावानिशी खुली केली तर उद्या जमीन घ्यायला येणारा तीच माहिती हातात घेऊन येईल. गावाच्या बेरजा द्याव्यात, घरांची नावे झाकावीत. मुलांच्या नावांबाबत आणि छायाचित्रांबाबत तर अधिकच जपले पाहिजे. परवाना देण्याआधी हे निवडून काढणे ही भागीदारांचीच जबाबदारी.

मागाहूनही परवाना बदलता येतो, नाही असे नाही. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड २०१३ साली मुक्त परवान्याने दिले आणि कोंकणी विकिपीडियात त्यांतला मजकूर घेण्याची वाट मोकळी झाली. तेथे प्रकाशक विद्यापीठच होते, म्हणून एका घराचा निर्णय पुरला. पाच भागीदारांच्या कामात, अधिकारी बदलून गेल्यावर, कंपनीचा करार संपल्यावर, प्रत्येकाची सही गोळा करायला कोण हिंडणार?

तुमच्या शाळेपुरते बोलायचे तर हा प्रयोग येत्या पावसाळ्यातच करता येईल. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गावात पर्जन्यमापक बसवून दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडायची चाल पाडली, हे तुम्ही वाचले असेलच. सरळ उभ्या भिंतींची प्लॅस्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा, तळाचा वाकडा भाग पाण्याने भरून तेथे शून्याची रेघ आखा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. नोंद रोज सकाळी साडेआठला करा, कारण भारतीय हवामान खातेही दिवसाचा पाऊस याच वेळी मोजते. तुमचे आकडे त्याच्या शेजारी ठेवता येतील. मंडळातल्या चार-सहा शाळा एकत्र आल्या तर उत्तमच. मात्र पहिली नोंद करण्यापूर्वी सगळ्या शाळांच्या शिक्षकांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून सह्या कराव्यात, की या नोंदी कुणीही, कोणत्याही कामासाठी, शाळांचे श्रेय देऊन वापराव्यात. पुढे एखादे महाविद्यालय किंवा स्वयंसेवी संस्था तुमच्या नोंदी मागायला आली तर आनंदाने द्या, आणि त्यांचा अहवाल कोणत्या परवान्याने निघणार आहे तेही विचारा. आणि हो, बाटली झाडाखाली किंवा पागोळ्यांजवळ ठेवू नका. नाहीतर तुमच्या शाळेत रोजच अतिवृष्टी होईल.